५ बाय ५ बाय ५ च्या टाकीत पाणी नेमकं किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरामागे जमिनीखाली आरसीसीची पाण्याची टाकी बांधायची आहे. मिस्त्री म्हणतात, "पाच बाय पाच बाय पाच घेऊ, साडेतीन हजार लिटर बसेल." आठवीतली मुलगी म्हणते, घनफळ म्हणजे बाजूचा घन, उत्तर १२५. घरात पाच माणसं, नळाला पाणी तीन दिवसांनी येतं. बरोबर कोण, आणि एवढी टाकी पुरेल का?

गणित दोघांचंही बरोबर आहे. टाकीत साडेतीन हजार लिटर बसेलच असं मात्र नाही. मिस्त्रींनी 'पाच फूट' कुठून कुठपर्यंत धरलेत यावर सगळं अवलंबून आहे, आणि फरक शेदोनशे लिटरचा नाही.

आधी मुलीचं उत्तर. खोक्याचं घनफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. घनात तिन्ही सारख्या, म्हणून बाजू × बाजू × बाजू. ५ × ५ = २५ हा तळ, त्यावर ५ फूट उंची, म्हणजे १२५. तिला फक्त पुढे 'घनफूट' लिहायला सांगा. एकक न लिहिलेल्या १२५ चा साइटवर काहीच उपयोग नाही. घन करणं म्हणजे तीनने गुणणं नव्हे, हे तिला माहीत असणारच; पण ५ × ३ = १५ असा हिशेब मोठ्या माणसांनी घाईत केलेला मी पाहिला आहे. बऱ्याच साध्या कॅल्क्युलेटरवर ५ दाबून गुणिलेचं चिन्ह आणि मग दोनदा बरोबरचं चिन्ह दाबलं की सरळ १२५ येतं.

आता मिस्त्रींचं. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, जरा बारीक धरायचं तर २८.३१७. १२५ ला याने गुणलं की ३,५४० लिटर. तोंडी हिशेबाला २८ धरलं तरी चालतं, ३,५०० येतात. मीटरमध्ये हे आणखी सोपं, कारण एक घनमीटर म्हणजे बरोबर १,००० लिटर. ५ फूट म्हणजे १.५२४ मीटर, त्याचा घन ३.५४. तेच उत्तर.

आता साइटवर या. टाकी ५ फुटांची म्हटली की खोदाई करणारा, सेंटरिंगवाला (काँक्रीट ओतायचा साचा उभा करणारा) आणि घरमालक अशी तीन माणसं तीन वेगळ्या मापांचा विचार करत असतात. समजा मिस्त्रींनी ५ फूट बाहेरून धरले. भिंत ६ इंची आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती मिळून एक फूट गेला, तळाच्या आणि वरच्या स्लॅबमध्ये उंचीतलाही एक फूट गेला असं धरू. आतली बाजू उरली ४ फूट. ४ × ४ × ४ = ६४ घनफूट, म्हणजे १,८१२ लिटर. भिंतीची जाडी नुसती ६ इंच, पण पाणी जवळजवळ निम्म्यावर आलं. कमी झालेला एक फूट तिन्ही बाजूंनी कमी होतो, म्हणून असं होतं.

एवढ्यावर थांबत नाही. आतून पाऊण इंच गिलावा आणि घोटाई झाली की ४ फुटांचे ३ फूट साडेदहा इंच होतात. म्हणजे ३.८७५ फूट, त्याचा घन ५८.२, लिटरमध्ये सुमारे १,६५०. शिवाय टाकी काठोकाठ कोणी भरत नाही. ओव्हरफ्लोचा पाइप वरच्या स्लॅबखाली साधारण ६ इंचांवर असतो, पाणी तिथपर्यंतच चढणार. तळ ३.८७५ बाय ३.८७५ आणि पाण्याची उंची ३.३७५ फूट धरली की सुमारे १,४३५ लिटर. खाली पंपाचा फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाची झडप, तळाला टेकवून बसवत नाहीत, नाहीतर गाळ ओढला जातो. तळातलं ४ इंच पाणी तसंच राहतं, तेही १४० लिटरच्या आसपास. वापरायला मिळणारं पाणी १,३०० लिटरसुद्धा नाही.

साडेतीन हजारांचे तेराशे झाले, आणि यात कोणी कोणाला फसवलेलं नाही.

तेच ५ फूट जर आतून, गिलावा होऊन तयार माप म्हणून धरले तर? भरतं माप ३,५४० लिटर. वरचे ६ इंच आणि खालचे ४ इंच सोडले की उंची उरते ४ फूट २ इंच. २५ × ४.१६७ = १०४ घनफूट, म्हणजे सुमारे २,९५० लिटर वापरातलं पाणी. मिस्त्रींच्या तोंडून निघालेल्या त्याच तीन आकड्यांची ही दोन टोकं आहेत. म्हणून कामाच्या कागदावर 'टाकी ५ × ५ × ५' एवढंच लिहू नका. 'आतून, गिलाव्यानंतर, स्वच्छ ५ फूट × ५ फूट, तळापासून वरच्या स्लॅबच्या खालच्या अंगापर्यंत ५ फूट' असं पूर्ण लिहून घ्या. मिस्त्रींना राग येणार नाही. चांगला मिस्त्री उलट हाच प्रश्न स्वतःहून विचारतो.

पुरेल का, हे आता काढता येतं. शहरी घरांसाठी नियोजनात माणशी रोज १३५ लिटर धरतात. जलजीवन मिशनचं ग्रामीण भागासाठीचं मान ५५ लिटर आहे, पण घरात फ्लश आणि वॉशिंग मशीन असेल तर १३५ च धरा. पाच माणसांचे रोजचे ६७५, तीन दिवसांचे २,०२५ लिटर. बाहेरून ५ फुटांची टाकी दोन दिवसही निघणार नाही. आतून ५ फुटांची चार दिवसांहून थोडी जास्त चालेल. पाणी एखाद्या दिवशी उशिरा येतंच, तेव्हा ही दुसरी योग्य.

उलटा हिशेबही शिकून ठेवा, कारण खरी गरज त्याचीच असते: लिटर ठरलेत, बाजू किती ठेवायची? २,०२५ लिटरला २८.३ ने भागलं की ७१.५ घनफूट. आता कोणत्या संख्येचा घन ७१.५ येतो ते शोधायचं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर घनमूळाचं बटण सापडलं नाही तरी अडत नाही. ४ चा घन ६४, ५ चा १२५, म्हणजे उत्तर चारच्या जरा पुढे. ४.१ चा घन ६८.९, ४.२ चा ७४.१. मधलं ४.१५ घेतलं की ७१.५. म्हणजे ४ फूट २ इंच. ही झाली नुसत्या पाण्याची बाजू. वरचे ६ आणि खालचे ४ इंच उंचीत वेगळे मिळवायचे. तुम्हाला जागा आणि पैसे दोन्ही वाचवायचे असतील तर आतून साडेचार बाय साडेचार आणि उंची ५ फूट ठेवा. वापरातलं पाणी सुमारे २,३९० लिटर, म्हणजे साडेतीन दिवस. ती मग घन राहणार नाही, पण पाण्याला त्याचं काही नाही.

घनच का बांधतात, याला एक चांगलं कारण मात्र आहे. तेवढंच पाणी मावणाऱ्या बंद खोक्यांत घनाचा पृष्ठभाग सगळ्यांत कमी असतो. आतून ५ फुटी घनाला सहा अंगं मिळून १५० चौरस फूट. तेच १२५ घनफूट १० × ५ × अडीच फुटांच्या बसक्या टाकीत घेतले तर १७५ चौरस फूट. भिंत, गिलावा, वॉटरप्रूफिंग सगळं त्याच प्रमाणात वाढतं. जागा अडचणीची असेल किंवा खाली खडक लागला असेल तरच घन सोडावा.

टाकी मोठी करताना लोक खर्चाला उगाच घाबरतात, म्हणून काँक्रीटचा हिशेबही देतो. गिलावा बाजूला ठेवू, आकडे सोपे राहतील. बाहेरून ५ आणि आतून ४ फूट असेल तर काँक्रीट १२५ वजा ६४, म्हणजे ६१ घनफूट. बाहेरून ६ आणि आतून ५ असेल तर २१६ वजा १२५, म्हणजे ९१ घनफूट. काँक्रीट दीडपट झालं, पाणी जवळजवळ दुप्पट. ९१ घनफूट तयार काँक्रीटला कोरडा माल साधारण १.५४ पट लागतो, कारण खडीच्या फटीत वाळू आणि वाळूच्या फटीत सिमेंट शिरतं. म्हणजे १४० घनफूट. १ : १.५ : ३ (सिमेंट : वाळू : खडी) या मिश्रणाला सिमेंटची साधारण २१ पोती, वाळू ३८ घनफूट, खडी ७६ घनफूट. खडी पाऊण ब्रास. आपल्याकडे ब्रास म्हणजे १०० घनफूट, दहा बाय दहाच्या जागेवर एक फूट उंच थर. एक ब्रास घनाच्या आकारात रचला तर त्याची बाजू ४ फूट पावणेआठ इंच भरेल. चार फुटांपेक्षा थोडीच मोठी बाजू, तरी माल दीडपटीहून जास्त.

वाळूबाबत एक सावधगिरी. ओलसर वाळू फुगते. किंचित दमट वाळूचं घनफळ कोरडीपेक्षा २५ टक्क्यांपर्यंत जास्त भरू शकतं, आणि पूर्ण भिजली की पुन्हा खाली बसतं. ट्रॉलीतली वाळू मोजताना लांबी-रुंदी-उंचीचं गणित अचूक असलं तरी तुम्ही वाळूबरोबर हवाही मोजत असता. दमट वाळू असेल तर ३८ च्या जागी ४७ घनफूट धरून चला.

खोदाईच्या बाबतीत 'पाच फूट' तर आणखीच फसवं. बाहेरून ६ फुटी टाकीला चारही बाजूंनी माणूस उभा राहून सेंटरिंग खोलू शकेल अशी दीड-दीड फूट जागा लागते. खड्डा झाला ९ बाय ९, खोली ६ फूट आणि खालच्या पीसीसीचे (सळईविना साध्या काँक्रीटच्या थराचे) ४ इंच. ८१ × ६.३३ = ५१३ घनफूट, पाच ब्रासच्या वर. मुरूम सुटा झाला की सव्वापट होतो, म्हणजे ढीग साडेसहा ब्रासच्या आसपास. निम्म्याहून जास्त परत भरावात जाईल, उरलेला कुठे टाकायचा ते आधी ठरवा. १२५ घनफूट पाण्यासाठी ५१३ घनफूट खोदाई. जेसीबीवाला तासावर येत असेल तर हा आकडा लक्षात ठेवा.

तुमचं गाव कोकणात किंवा कालव्याच्या कडेला असेल, पावसाळ्यात खड्ड्यात आपोआप पाणी उभं राहत असेल, तर पुढचा परिच्छेद नीट वाचा. जमिनीतलं पाणी टाकीला वर ढकलतं, आणि किती ढकलतं ते बाहेरच्या घनावर ठरतं. ६ चा घन २१६ घनफूट, म्हणजे ६,११६ लिटर, म्हणजे पाणी जमिनीच्या पातळीपर्यंत चढलं तर सहा टनांहून जास्त उचल. रिकाम्या टाकीचं स्वतःचं वजन? ९१ घनफूट म्हणजे २.५८ घनमीटर, आरसीसी घनमीटरला अडीच टन, म्हणून ६.४ टन. जेमतेम बरोबरी. डिझाइन करताना वजन उचलीच्या निदान १.२ पट ठेवतात. अशा जागी ऐन पावसाळ्यात सफाईसाठी टाकी पूर्ण रिकामी करायची नाही, किंवा तळाचा स्लॅब भिंतीबाहेर काढून त्यावर भराव घ्यायचा. हे डिझाइन इंजिनिअरकडून करून घ्या, मिस्त्रींच्या अंदाजावर सोडू नका.

कोणीतरी सुचवेल की खोदाईच नको, हीच टाकी गच्चीवर बांधू. घनमीटर पाणी म्हणजे एक टन, हे इथे उपयोगी पडतं. ५ फूट पाण्याचा भार चौरस मीटरला सुमारे १,५२० किलो. माणसं वावरतील अशा गच्चीसाठी भारतीय मानकात वावराचा भार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो धरलेला असतो. दहापट झाला, तोही भिंतींचं वजन न धरता. साध्या स्लॅबवर अशी टाकी बसवू नका. खाली कॉलमवरून आलेल्या बीमच हव्यात.

आता मापं घेताना होणारी एक चूक, जी मला इतर कोणत्याही चुकीपेक्षा जास्त दिसते. ५ फूट ६ इंच म्हणजे ५.६ नव्हे. फुटात १२ इंच असतात, म्हणून ते ५.५. घन केल्यावर १६६.४ च्या जागी १७५.६ येतात, फरक २६० लिटरचा. ५ फूट १० इंच कोणी ५.१० लिहिलं की कॅल्क्युलेटर त्याला ५.१ समजतो: उत्तर १३२.७, खरं उत्तर १९८.५. तब्बल १,८६० लिटर गायब. इंचांना आधी १२ ने भागा, मग घन करा. किंवा सरळ मीटरच्या टेपने मोजा.

बाजूतली चूक घनात तिप्पट होते, असं ढोबळ धरा. बाजू १ टक्का चुकली तर घनफळ ३ टक्के चुकतं. ५ फुटांना एक इंच जास्त मोजलं तर घनफळ ५ टक्क्यांनी वाढतं, ते इथे १८० लिटर झाले. याच कारणाने 'बाजू दुप्पट केली की पाणी दुप्पट' हेही चुकीचं. ते आठपट होतं. दुप्पट पाण्याला बाजू १.२६ पट पुरते. दिलेल्या घनाच्या दुप्पट घनफळाचा घन नुसत्या पट्टी-कंपासने काढायचा, हे कोडं प्राचीन ग्रीकांपासून पडून होतं, आणि ते सुटूच शकत नाही हे पियर वांत्झेल या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ मध्ये सिद्ध केलं. आपल्याकडे टेप असल्यामुळे आपण ४ फुटांच्या जागी ५ फूट अर्धा इंच घेतो आणि कामाला लागतो.

चारही भिंती ५ फूट भरल्या म्हणजे तळ चौरस झाला असं समजू नका. चारही बाजू ५ ठेवून आकार तिरका होऊ शकतो. कर्ण मोजा. ५ × १.४१४ = ७.०७ फूट, साइटच्या भाषेत ७ फूट ७ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दोन्ही कर्ण तेवढेच आले पाहिजेत. खरं सांगायचं तर कोन १० अंशांनी कलला तरी पाणी दीडच टक्का कमी होतं, पण वरच्या स्लॅबचं सेंटरिंग आणि सळईचं जाळं बसवताना तिरकेपणा फार छळतो.

मुलीला घन प्रत्यक्ष दाखवायचा असेल तर काँक्रीट ओतायच्या दिवशी साइटवर आणा. काँक्रीटची ताकद तपासायला १५० मिलिमीटर बाजूचे लोखंडी साचे भरतात. १५ सेंटिमीटरचा घन ३,३७५ घनसेंटिमीटर, म्हणजे ३.३७५ लिटर. चांगल्या ठोकून भरलेल्या घनाचं वजन ८.१ किलोच्या आसपास किंवा थोडं जास्त भरतं. ७.७ किलो भरलं तर घनता २,२८० वर आली, आत पोकळ्या राहिल्यात असं समजावं. मशीनवर दाबायच्या आधीच शंका घ्यायला जागा होते. मुलगी मिलिमीटरचे मीटर करताना ०.१५ ऐवजी ०.०१५ लिहील तर उत्तर दहापट नाही, हजारपट चुकेल. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ५ घनमीटरपर्यंतच्या कामाला एक नमुना, म्हणजे तीन घन. तुमच्या टाकीला तेवढंच लागेल, दहा लिटर काँक्रीट. घरगुती कामात कोणी करत नाही. पाण्याच्या टाकीसाठी मी करायला लावतो.

शेवटचं काम टाकी पूर्ण झाल्यावरचं. आतल्या भिंतीवर, झाकणातून दिसेल अशा जागी, तळापासून इंचांच्या खुणा रंगवून घ्या. आतून ५ बाय ५ च्या तळाला एक इंच पाणी म्हणजे ५९ लिटर. नळ कमी पडून २,००० लिटरचा टँकर मागवलात तर पातळी ३४ इंच चढली पाहिजे. ३० चढली तर टँकरमध्ये १,७७० लिटरच होतं.